वयाची अट आणि अपवादाची जागा



आयोजकांनी मला ‘वार्धक्य आणि तत्त्वज्ञान’ असा विषय सुचवला होता. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायचं म्हणजे तासभर उपदेश करायचा. आणि समोर बसलेले निम्मे लोक माझ्याच वयाचे. त्यांना उपदेश नको असतो, पंखा हवा असतो. (हशा) म्हणून मी विषय लहान करून घेतला आहे. आपल्या मुळशी तालुक्यात, भूगावपासून वर लवासापर्यंत, खास ज्येष्ठांसाठी बांधलेली गृहसंकुलं उभी राहिली आहेत. तिथं राहायला जायचं तर एक अट असते. वय पंचावन्नच्या वर हवं, काही ठिकाणी साठच्या. आज मी फक्त या एका अटीबद्दल बोलणार आहे. ही अट न्याय्य आहे का? असेल तर कशाच्या आधारावर? आणि ती माणुसकीनं चालवायची असेल तर तिच्यात काय काय लिहिलेलं असायला हवं?

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी स्वतः अशाच एका संकुलात राहतो. त्याचं नाव सांगणार नाही, कारण पुढे मी जो प्रसंग सांगणार आहे, त्यात संकुलाची चूक कमी आणि माझी जास्त आहे.

वृद्धाश्रम आणि संकुल

सुरुवातीला शब्दांचा गोंधळ दूर करू. लोक आम्हाला अजूनही विचारतात, ‘तुम्ही वृद्धाश्रमात राहता का?’ वृद्धाश्रम ही वेगळी गोष्ट आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाबाबतचा २००७ चा जो केंद्रीय कायदा आहे, त्यात राज्य सरकारनं निराधार ज्येष्ठांसाठी टप्प्याटप्प्यानं वृद्धाश्रम उभे करावेत, प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, आणि त्यात किमान दीडशे जणांची सोय असावी, असं म्हटलं आहे. तिथं माणूस आसऱ्यासाठी जातो.

ज्येष्ठांच्या संकुलात माणूस स्वतःच्या पैशानं घर विकत घेऊन किंवा भाड्यानं घेऊन राहतो. दार आपलं, कुलूप आपलं. फक्त बांधकाम म्हाताऱ्या शरीराचा विचार करून केलेलं असतं आणि सोबत काही सेवा असतात: भोजनगृह, धोक्याची घंटा, डॉक्टरांची भेट, साफसफाई. पुण्यात परांजप्यांच्या ‘अथश्री’ संकुलांनी ही कल्पना या शतकाच्या सुरुवातीपासून रुजवली. त्यातलं एक आपल्या भूगावात आहे. लवासात दासव्याच्या बाजूला आशियाना कंपनीचं ‘उत्सव’ आहे. पुणं हे पूर्वीपासून पेन्शनरांचं गाव म्हणून ओळखलं जातं, तेव्हा हे इथं घडावं यात नवल नाही.

या घरांच्या बाबतीत दोन हक्क वेगळे करून बघायला लागतात. एक मालकीचा आणि दुसरा राहण्याचा. घर चाळीस वर्षांचा मुलगा अमेरिकेतून विकत घेऊ शकतो आणि आई-वडिलांना तिथं ठेवू शकतो. वयाची अट साधारणपणे मालकीला नसते, मुक्कामाला असते. आई-वडील गेले की तो वारसाहक्कानं किंवा खरेदीखतानं मालक असतोच, पण स्वतः तिथं राहू शकत नाही. स्वतःच्या घराची किल्ली खिशात आहे आणि त्या घरात राहता येत नाही. पुढचे बहुतेक वाद इथूनच सुरू होतात.

पंचावन्न कुठून आले?

आता हा आकडा कुठून येतो ते बघू. समजा, पिरंगुटचा एक बासष्ट वर्षांचा गृहस्थ आहे. २००७ च्या कायद्यानुसार तो ज्येष्ठ नागरिक आहे, कारण तिथं मर्यादा साठ आहे. आयकर खात्याच्या लेखी तो ज्येष्ठ आहे; ऐंशीला पोचला की अतिज्येष्ठ होईल. पण हाच गृहस्थ पौडला जायला एसटीत बसला, तर कंडक्टर त्याला पूर्ण तिकीट देतो, कारण एसटीची ज्येष्ठांची अर्ध्या तिकिटाची सवलत पासष्टला सुरू होते आणि मोफत प्रवास पंचाहत्तरला. श्रावणबाळ योजनेसाठीही तो अजून तरुणच. (हशा) आपल्या राज्यानं ज्येष्ठ नागरिक धोरणातली वयोमर्यादा २०१८ साली पासष्टवरून साठवर आणली. म्हणजे एका निर्णयासरशी साठ ते पासष्टमधली लाखो माणसं ज्येष्ठ झाली. त्यांच्या गुडघ्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

आणि पंचावन्न? केंद्र सरकारी नोकरीत निवृत्तीचं वय एकेकाळी पंचावन्नच होतं. ते १९६२ मध्ये अठ्ठावन्न झालं आणि १९९८ मध्ये साठ. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतही साठची मर्यादा आहे, पण नोकरीतून निवृत्त झालेल्यांना पंचावन्नपासून खातं उघडता येतं. म्हणजे पंचावन्न हा आकडा निवृत्तीशी बांधलेला दिसतो. म्हातारपणाशी त्याचा संबंध नंतर जोडला गेला.

आमच्या परंपरेनं हा प्रश्न कसा सोडवला होता? वानप्रस्थ कधी घ्यावा हे सांगताना मनुस्मृती आकडा देतच नाही, खुणा सांगते. गृहस्थानं आपल्या अंगावर सुरकुत्या पाहिल्या, केस पिकलेले पाहिले आणि अपत्याचं अपत्य पाहिलं, की वनाकडे निघावं. मनुस्मृतीतल्या अनेक गोष्टी मला मान्य नाहीत, पण ही यादी विचार करायला लावते. पहिल्या दोन खुणा शरीराच्या आहेत. तिसरी खूण नात्याची आहे. नातवंडाचा जन्म ही आजोबाच्या वयाची खूण आहे. आणि पत्नीला मुलांकडे ठेवावं किंवा सोबत न्यावं, असे दोन्ही पर्याय तिथं आहेत. सोबत आली तर तिचं वय कुणी विचारत नाही.

गंमत म्हणजे २००७ च्या कायद्यातही नात्याला अशीच जागा आहे. ज्येष्ठ नागरिकाला साठची अट आहे, पण ‘पालक’ या शब्दाची व्याख्या करताना कायदा स्पष्ट सांगतो की आई किंवा वडील ज्येष्ठ नागरिक असोत वा नसोत. म्हणजे पन्नाशीतल्या निराधार आईलाही मुलाकडे चरितार्थ मागता येतो. कायद्यानंसुद्धा नातं दिसल्यावर आकडा बाजूला ठेवला.

मग आकडा का लागतो? ग्रीकांमध्ये ढिगाचं एक कोडं होतं. धान्याच्या ढिगातला एक दाणा काढला तर ढीग ढीगच राहतो. आणखी एक काढला, तरी राहतो. मग तो ढीग राहत नाही असा दाणा कोणता? तसा दाणा दाखवता येत नाही. म्हातारपणाचंही तसंच. ज्या दिवशी माणूस म्हातारा झाला तो दिवस कुणाला दाखवता येणार नाही. पण कार्यालयाला तारीख लागते. जन्मतारीख आधारकार्डावर वाचता येते, गरज वाचता येत नाही. गरज मोजायला गेलं तर प्रत्येकाची तपासणी करा, प्रश्न विचारा, कुणाचं खरं कुणाचं खोटं ठरवा. त्यात अपमानही फार. म्हणून गरजेच्या जागी आपण वय उभं करतो. वय हा गरजेचा ठोकताळा आहे. ठोकताळा वापरण्यात गैर काही नाही. तो ठोकताळा आहे हे विसरलं की मात्र घोटाळा होतो, आणि तो कसा होतो ते मी स्वतःच्याच उदाहरणानं सांगणार आहे.

अट कशासाठी?

त्याआधी अटीची बाजू नीट मांडली पाहिजे. तरुण श्रोत्यांना ही अट आपमतलबी वाटते. तशी ती नाही.

पहिलं कारण बांधकामाचं. महारेरानं २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. एकापेक्षा जास्त मजले असतील तर लिफ्ट हवी, चाकाची खुर्ची सगळीकडे फिरवता आली पाहिजे, दारं पुरेशी रुंद हवीत, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे हवेत, न्हाणीघरात धरायला दांड्या आणि न घसरणारी फरशी हवी, असा त्यांचा रोख आहे. हे सगळं पैसे घालून बांधायचं आणि मग त्या घरात धडधाकट तिशीतली जोडपी राहायला येणार, तर ज्यांच्यासाठी ते बांधलं त्यांना ते मिळणार नाही. हिंजवडी इथून किती जवळ आहे हे तुम्हाला माहीत आहे. वयाची अट उठवली, तर ही घरं भाड्यानं कुणाकडे जातील हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसरं कारण मतांचं. साध्या सोसायटीत सत्तरीतला माणूस म्हणतो, ‘रॅम्प करा’, आणि सभेत तरुण बहुमत म्हणतं, ‘आधी गाड्यांचं पार्किंग.’ आमच्या संकुलात रॅम्पसाठी भांडावं लागत नाही. प्रत्येकाला तो आज ना उद्या लागणार आहे.

तिसरं कारण लोक मोठ्यानं बोलत नाहीत. अनेक जण इथं येतात ते कुणावर ओझं होऊ नये म्हणून, आणि आयुष्यभर मुलं सांभाळून झाल्यावर, खरं सांगायचं तर, पुन्हा मुलं सांभाळावी लागू नयेत म्हणूनही. विशेषतः बायका हे मला खासगीत सांगतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

हा भेदभाव नाही का?

तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी इथं हात वर करणार. ‘सर, उद्या एखादी सोसायटी म्हणाली, आमच्याकडे फक्त अमुक जातीचे, अमुक धर्माचे, मांसाहार न करणारे, तर तुम्ही त्याला भेदभाव म्हणता. मग पंचावन्नच्या खालचे नकोत, हे कसं चालतं?’

प्रश्न बरोबर आहे आणि कायद्यात त्याचं समाधानकारक उत्तर नाही. अहमदाबादच्या झोरास्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सभासदत्व फक्त पारशांना, असा त्या संस्थेचा उपविधी होता. २००५ मध्ये न्यायालयानं तो वैध ठरवला. लोकांना संस्था स्थापन करण्याचं स्वातंत्र्य आहे, आणि संविधानातला समानतेचा हक्क खासगी संस्थेवर तसाच्या तसा लादता येत नाही, असा तो युक्तिवाद होता. या निकालाचा आधार घेतला तर वयाची अट सहज टिकेल. पण त्याच आधारावर पारशांसारख्या अल्पसंख्य समाजाचीच नव्हे, तर कुणाचीही बंद दारं टिकतील. म्हणून मला हा आधार पुरेसा वाटत नाही. कायदेशीर असणं आणि न्याय्य असणं यात फरक आहे.

वय आणि जात यांच्यातला फरक दुसरीकडे आहे. माणूस जात बदलत नाही, वय मात्र प्रत्येकाचं बदलतं. आज ज्याला तिसाव्या वर्षी ‘नाही’ म्हटलं, त्याला पंचावन्नाव्या वर्षी ‘या’ म्हटलं जाईल. अमेरिकन तत्त्वज्ञ नॉर्मन डॅनियल्स यांनी १९८८ च्या त्यांच्या पुस्तकात मुद्दा मांडला तो साधारण असा. पिढ्यांमधली वाटणी दोन टोळ्यांमधली वाटणी म्हणून बघू नका. एकाच माणसानं आपल्या आयुष्याच्या निरनिराळ्या टप्प्यांमध्ये केलेली वाटणी म्हणून बघा. मी तरुणपणी थोडं कमी घेतो, म्हातारपणी थोडं जास्त. वयानुसार वेगळी वागणूक सगळ्यांना सारखीच मिळत असेल, तर पूर्ण आयुष्याच्या हिशेबात कुणावर अन्याय होत नाही.

युक्तिवाद चांगला आहे. मी तो अनेक वर्षं वर्गात शिकवला. त्याला दोन ठिकाणी भोक आहे.

पहिलं भोक पैशाचं. पंचावन्न वर्षं सगळ्यांची होतात, पण घर सगळ्यांना परवडत नाही. आमच्या संकुलाच्या कुंपणापलीकडे गाव आहे. तिथले माझ्या वयाचे शेतकरी कधीही या दारातून राहायला येणार नाहीत. फलकावर वयाची अट लिहिलेली असते, किमतीची अट लिहावी लागत नाही.

दुसरं भोक वेळेचं. ‘तुझीही वेळ येईल’ हे उत्तर ज्याला थांबता येतं त्याच्यासाठी आहे. तेरा वर्षांच्या मुलाला आज छप्पर हवं असेल, तर बेचाळीस वर्षांनी ये, असं त्याला सांगता येत नाही.

एक सभा

आता तो प्रसंग. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक जोडपं राहायचं. गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, माझे रोजचे बुद्धिबळाचे भिडू. त्यांची मुलगी परगावी एकटीच होती, जावई आधीच गेलेले. ती आजारी पडली आणि उपचारांसाठी तिला महिनोन्‌महिने रुग्णालयाच्या जवळ राहावं लागणार होतं. तिचा मुलगा आठवीत. तो आजी-आजोबांकडे आला. आमच्या नियमावलीत पाहुण्यांना सलग तीस दिवसांची मर्यादा होती. मुलानं जवळच्या शाळेत प्रवेश घेतला आणि तीस दिवस उलटून गेले.

मुलगा शांत होता. पण मूल ते मूल. संध्याकाळी भिंतीवर चेंडू मारायचा. सायकल पॅसेजमध्ये उभी करायचा. एकदा एक बाई तिला अडखळल्या. तक्रारी आल्या आणि विशेष सभा बोलावली गेली. तिथं मी उभा राहिलो. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक म्हणून लोक माझं ऐकतात. मी म्हणालो, ‘प्रश्न या मुलाचा नाही, नियमाचा आहे. नियम एकासाठी वाकवला तर तो नियम राहत नाही. उद्या प्रत्येक जण आपलं कारण घेऊन येईल.’ टाळ्या पडल्या. ठराव मंजूर झाला. माझ्या भिडूनं विरोधात भाषणसुद्धा केलं नाही.

पंधरा दिवसांत त्यांनी कोथरूडला भाड्यानं जागा घेतली. जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. गृहस्थांचे दोन्ही गुडघे गेलेले. इथं त्यांच्या गुडघ्यांसाठी बांधलेलं, दांड्या लावलेलं, रुंद दाराचं घर कुलूप लावून पडलं आणि ते तिकडे तीन जिने चढत राहिले. मी एकदा भेटायला गेलो. त्यांनी चहा केला, तक्रार केली नाही. बुद्धिबळाचा पट मात्र काढला नाही. पुढे मुलगी बरी झाली, मुलगा आता कॉलेजात आहे. ते दोघं परत आले नाहीत. फ्लॅट विकला.

घरी आल्यावर मी माझ्या जुन्या नोट्स काढल्या. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राच्या पाचव्या भागात एक विवेचन आहे, जे मी तीस वर्षं शिकवलं होतं. नियम सर्वसाधारण भाषेत लिहिलेला असतो, त्यामुळे काही प्रसंग त्याच्यातून निसटणारच. तो नियम करणाऱ्याचा दोष नव्हे, विषयाचंच ते स्वरूप आहे. अशा वेळी नियम करणारा इथं हजर असता तर त्यानं काय म्हटलं असतं, हे विचारून नियम दुरुस्त करायचा. तिथं तो लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांच्या पट्टीचं उदाहरण देतो. ती पट्टी शिशाची असे, दगडाच्या आकाराप्रमाणे वाकत असे. वाकते म्हणून ती पट्टी नाही, असं ते गवंडी म्हणत नसत. आणि मी भर सभेत नेमकं तेच म्हणालो होतो.

आमच्या अटीचा हेतू काय होता? तरुण कुटुंबांनी घरं बळकावू नयेत, सभेतलं बहुमत जाऊ नये आणि म्हाताऱ्यांना निवांतपणा मिळावा. तो मुलगा यातलं पहिलं आणि दुसरं करत नव्हता. तिसऱ्यावर उपाय होता: चेंडू मैदानात आणि सायकल खाली. मी ठोकताळ्याचं रक्षण केलं. ज्या गरजेसाठी तो ठोकताळा होता, ती माझ्यासमोर बसली होती.

अमेरिकेतला अनुभव

नंतर वाचताना कळलं की हे माझ्या आधी अमेरिकेत घडून गेलं आहे. ॲरिझोना राज्यात यंगटाउन नावाचं गाव १९५४ मध्ये फक्त ज्येष्ठांसाठी म्हणून वसवलं गेलं. नावातच तरुण, आणि तरुणांना बंदी. (हशा) शेजारीच १ जानेवारी १९६० रोजी डेल वेब या बांधकाम व्यावसायिकानं सन सिटी सुरू केली आणि तिथून ही कल्पना जगभर गेली. यंगटाउनमध्ये १९९० च्या दशकात एका आजी-आजोबांनी घरच्या छळातून सुटलेल्या किशोरवयीन नातवाला आपल्याकडे ठेवलं. गावानं दंडाची भाषा केली. प्रकरण राज्याच्या महाधिवक्त्यांपर्यंत गेलं आणि १९९८ मध्ये गावाची वयाची अटच रद्द झाली. एका मुलासाठी जागा करायची नाही म्हणून हट्ट धरला आणि सगळी अट गमावली.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं मात्र यावर शहाणा तोडगा काढलेला आहे. घर देताना मुलंबाळं असलेल्या कुटुंबांना नाकारणं तिथं १९८८ पासून बेकायदा आहे. ज्येष्ठांच्या वसाहतींना त्यातून सूट आहे. एक तर सगळे रहिवासी बासष्टच्या वरचे हवेत, किंवा किमान ऐंशी टक्के घरांत निदान एक जण पंचावन्नचा हवा. दुसऱ्या पर्यायाकडे नीट बघा. शंभर घरं असतील तर ऐंशी घरांत एक ज्येष्ठ पुरे. त्याच्यासोबत पंचेचाळीसची बायको असली तरी चालेल. उरलेल्या वीस घरांना कायदा अट घालत नाही. नवरा गेल्यावर मागे राहिलेली तरुण विधवा आणि वारसानं घर मिळालेला मुलगा यांना तिथं जागा होऊ शकते. वसाहतीला अधिक कडक नियम करता येतो, पण कायद्यानं पट्टी वाकायला जागा ठेवली आहे.

आपल्याकडे असा कायदा नाही. आपल्याकडे सगळं करारावर आणि उपविधींवर आहे. म्हणून जे लिहायचं ते आपल्यालाच लिहावं लागणार.

अपवाद आधी लिहा

आता कुणी म्हणेल, मग प्रत्येक प्रसंग आला की माणुसकीनं बघू, लिहायचं कशाला? इथं मला ॲरिस्टॉटलच्या पुढे जावं लागतं. शेजाऱ्यांच्या सभेत प्रत्येक प्रसंग ‘बघायचा’ म्हटलं, की चेहरे दिसतात. ज्याची समितीत ओळख त्याचा नातू राहतो, ज्याचं कुणाशी पटत नाही त्याचा जातो. जॉन रॉल्सनं १९७१ मध्ये एक कल्पना मांडली. आपण कोण असणार आहोत हे माहीत नसताना नियम ठरवा, म्हणजे ते न्याय्य होतील. ‘अज्ञानाचा पडदा’ म्हणतात त्याला. सोसायटीत हा पडदा फार सोपा आहे. कुणाची मुलगी आजारी पडेल, कुणाची बायको मागे राहील, हे आज आपल्याला ठाऊकच नाही. म्हणून आजच लिहायचं. प्रसंग आल्यावर पडदा उठलेला असतो.

काय लिहायचं? माझी यादी छोटी आहे.

एक, जोडीदार. दोघांपैकी एकाचं वय पुरेसं असलं की दुसऱ्याला विचारायचं नाही, आणि ज्येष्ठ जोडीदार गेल्यावरही मागे राहिलेल्याला हयातभर राहता येईल.

दोन, परावलंबी अपत्य. कुणाचा चाळीस वर्षांचा मतिमंद मुलगा असतो. त्याला आई-वडिलांपासून तोडून जिथं ठेवायचं ती जागाच नसते. तो आई-वडिलांसोबत राहील, आणि त्यांच्यानंतर त्याची पर्यायी व्यवस्था होईपर्यंतही राहील.

तीन, संकटातलं नातवंड. शैक्षणिक वर्षाएवढी मुदत, गरज असेल तर सभेच्या संमतीनं वाढवता येईल. सोबत चेंडूचे आणि सायकलचे नियम खुशाल लिहा.

चार, वारस. त्याला मालकी मिळते पण मुक्काम नाही, हे त्याला घर मिळण्याच्या दिवशी नव्हे, तर आई-वडील घर घेतात त्या दिवशी सांगितलं पाहिजे. घर विकायला किंवा वयात बसणाऱ्याला भाड्यानं द्यायला पुरेसा वेळ हवा, आणि त्या काळात मेंटेनन्स किती हेही लिहिलेलं हवं.

पाचवा मुद्दा सगळ्यांत अवघड. आमच्या संकुलात रोज रात्री पंचावन्नच्या खालची कितीतरी माणसं झोपतात. ब्युरोतून आलेल्या चोवीस तासांच्या मावशी आणि रात्रपाळीचे सुरक्षारक्षक. त्यांतल्या काही मुली पंचविशीच्याही नाहीत. त्यांना कुणी वयाची अट लावली नाही, कारण त्यांना आपण रहिवासी मानतच नाही. म्हणजे आमची अट तरुणांना रोखत नाही. नात्यानं येणाऱ्या तरुणाला रोखते आणि पगारावर येणाऱ्या तरुणाला आत घेते. त्या सभेत नातवाच्या विरोधात हात वर करणाऱ्यांपैकी दोघांच्या घरी अशा मुली राहत होत्या. माझं म्हणणं एवढंच की त्यांचीही नियमावलीत नोंद हवी: झोपायला जागा, आठवड्याची सुट्टी, आणि संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसण्याची मुभा.

सहावा मुद्दा अटीच्या दुसऱ्या टोकाचा. किती वयापासून राहता येईल हे फलकावर असतं. कुठपर्यंत राहता येईल हे कराराच्या आतल्या पानावर असतं, किंवा कुठंच नसतं. अंथरुणाला खिळल्यावर, स्मृतिभ्रंश झाल्यावर इथंच राहता येईल का? की ‘स्वतःची कामं स्वतः करू शकणारा रहिवासी’ अशा एका वाक्यावर बोट ठेवून दुसरीकडे जायला सांगतील? केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयानं २०१९ मध्ये निवृत्तांच्या घरांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत विकासक, सेवा पुरवणारी संस्था आणि घर घेणारा अशा तिघांच्या कराराची कल्पना आहे. घर घेताना त्या करारातलं हे पान आधी वाचा. खालच्या वयाची चिंता पंचावन्नच्या आतल्यांना, वरच्या टोकाची आपल्या सगळ्यांना.

तेव्हा ‘वयाची अट न्याय्य आहे का’ या प्रश्नाला माझं उत्तर असं. वय हे गरजेच्या जागी उभं केलेलं आहे, एवढी आठवण त्या नियमावलीत कुठंतरी लिहून ठेवलेली असेल, तर आहे. ती आठवण म्हणजे अपवादांची यादी. यादी नसेल तर तोच नियम एखाद्या दिवशी माझ्यासारख्या एखाद्या बोलक्या माणसाच्या हातात पडतो.

आमच्या येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी हे सहा मुद्दे ठराव म्हणून मांडतो आहे. मंजूर होतील की नाही, माहीत नाही. मागच्या वेळी मीच लोकांना इतकं चांगलं पटवून ठेवलं आहे. (हशा) मसुद्याच्या काही प्रती बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांच्या सोसायटीला उपयोग होईल त्यांनी न्याव्यात आणि काही राहिलं असेल तर मला जरूर कळवावं. घर बघायला निघालेल्यांनी तर न्याव्यातच.